श्रीवर्धन : नगर, आगर आणि सागर

॥ श्री ॥

श्रीहरिहरेश्वराच्या दर्शनाला जाणारा भाविक बहुधा श्रीवर्धन नगरातूनच पुढे जातो. वाटेत तो नारळ घेतो, सुपारी घेतो, क्वचित एखादी रात्र मुक्कामही करतो. परंतु ज्या नगराने त्याला सावली दिली, पाणी दिले आणि पूजेचे साहित्य दिले, त्याची ओळख मात्र त्याला सहसा होत नाही. क्षेत्राचे माहात्म्य जाणून घेताना क्षेत्राच्या भूमीचीही ओळख करून घ्यावी, अशी आपली जुनी रीत आहे. तीच रीत मनात धरून कोकण किनाऱ्यावरील या लहानशा नगराचा परिचय भाविकांसमोर ठेवत आहोत.

स्थान आणि भूमी

श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस, सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर ते वसलेले असल्याने येथील हवामान उष्ण व दमट आहे. पूर्वेस डोंगररांगा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि या दोहोंच्या मधल्या सपाट वालुकामय पट्टीवर नारळी-पोफळीच्या दाट बागा, अशी या गावाची ठेवण आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. डोंगर समुद्राच्या अगदी जवळ असल्यामुळे पावसाचे पाणी वेगाने सागरास मिळते. म्हणून जेथे आषाढात अंगणातून पाट वाहतात, तेथेच वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. या भूमीचे वैभव आणि तिची अडचण ही दोन्ही या एकाच गोष्टीत सामावलेली आहेत.

‘श्री’ म्हणजे लक्ष्मी व ‘वर्धन’ म्हणजे वृद्धी, असा नावाचा सरळ अर्थ आहे. गावात श्रीलक्ष्मीनारायणाचे सुंदर प्राचीन मंदिर आहे, हे या नावाला शोभणारेच म्हटले पाहिजे. श्रीसोमजाई ही ग्रामदेवता, तसेच श्रीजीवनेश्वर व श्रीकुसुमादेवी ही स्थानेही येथील लोकांच्या नित्य श्रद्धेची आहेत.

इतिहासातील श्रीवर्धन

मराठ्यांच्या इतिहासात श्रीवर्धनचे नाव कायमचे कोरले गेले ते भट घराण्यामुळे. या घराण्याकडे श्रीवर्धन परिसराची देशमुखी होती. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ हे याच घराण्यातले. त्या काळी या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता होती. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना आपले जन्मगाव सोडून जावे लागले. बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळास गावच्या भानू घराण्याने त्यांना साथ दिली व ती मंडळीही त्यांच्याबरोबर देशावर गेली, असे सांगतात. याच भानू घराण्यात पुढे नाना फडणवीस झाले.

घर सोडून निघालेल्या या पुरुषास १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे दिली. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणून त्यांनी मराठी राज्याचा पाया दृढ केला आणि पुढील वर्षीच, १७२० मध्ये, सासवड येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्या वंशजांनी उत्तरेपर्यंत सत्ता गाजवली, त्यांचे मूळ गाव मात्र पुढेही जंजिरा संस्थानाचाच भाग राहिले. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले, तेव्हा श्रीवर्धन मुंबई राज्यातील कुलाबा जिल्ह्यात आले. १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. गावात पेशव्यांचे स्मारक असून तेथे बाळाजी विश्वनाथांचा पुतळा उभा आहे. भाविकांनी तेथे क्षणभर थांबावे. एकदा जन्मभूमी सुटलेल्या माणसांचे हे गाव आहे, ही गोष्ट पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

परिसरातील देवस्थाने

श्रीवर्धनच्या दक्षिणेस, सुमारे वीस किलोमीटरांवर, सावित्री नदी जेथे सागरास मिळते त्या मुखाजवळ श्रीक्षेत्र हरिहरेश्वर आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या आश्रयाला वसलेले हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. प्रथम श्रीकाळभैरवाचे, नंतर श्रीहरिहरेश्वराचे आणि पुन्हा श्रीकाळभैरवाचे दर्शन घ्यावे, असा येथील क्रम आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत असल्याने त्या घराण्याची येथे विशेष निष्ठा होती. मंदिरामागून डोंगर उतरून खडकांवरून जाणारा प्रदक्षिणामार्ग प्रसिद्ध आहे. त्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. लाटांचे खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, ते वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात व दगडाचे कण सुटतात. युगानुयुगे हे कार्य चालू आहे.

उत्तरेस किनाऱ्याच्या रस्त्याने गेल्यास दिवेआगर लागते. येथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठी भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. येथील श्रीरूपनारायणाची मूर्ती शिल्पदृष्ट्या अप्रतिम मानली जाते. १९९७ मध्ये येथील एका वाडीत जमीन खणताना तांब्याच्या पेटीत गणेशाचा सुवर्ण मुखवटा मिळाला आणि दिवेआगर सर्वदूर परिचित झाले. २४ मार्च २०१२ रोजी त्या मुखवट्याची चोरी झाली व मंदिराच्या दोघा रखवालदारांची हत्या झाली. पुढे सोने वितळविलेल्या स्वरूपात हाती लागले आणि २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. दर्शन घेताना त्या दोन रखवालदारांचेही स्मरण करावे. देवाच्या सेवेत त्यांनी प्राण वेचले.

वाडी आणि सुपारी

श्रीवर्धनचे खरे धन येथील वाड्यांत आहे. घरामागे विहीर, विहिरीपासून निघालेले पाट आणि त्या पाटांच्या दुतर्फा नारळ, पोफळ, केळ, मिरीचे वेल, जायफळ अशी थरांची बाग, तिला वाडी किंवा आगर म्हणतात. ही बाग काही एकरांची असतेच असे नाही. पुष्कळ कुटुंबांची वाडी मोजक्या गुंठ्यांची असते.

येथील ‘श्रीवर्धनी रोठा’ ही सुपारी आकाराने मोठी, आतून पांढरी व चवीला उत्तम म्हणून प्रसिद्ध आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनातच आहे. पोफळीचे पीक म्हणजे धीराची परीक्षा. रोप लावल्यानंतर ते फळ धरावयास सुमारे पाच ते सात वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नासाठी त्याहून अधिक काळ थांबावे लागते. एकदा फळ धरले की ते झाड चाळीस वर्षे व अधिकही देत राहते. म्हणून आजा लावतो आणि नातू खातो, असे या झाडाविषयी म्हणता येते. कोवळ्या रोपास सावली लागते, ती केळीपासून मिळते. मोठ्या झाडाच्या खोडासही दक्षिण-पश्चिमेचे कडक ऊन सोसत नाही. त्याची साल भाजून तडकते व पुढे वाऱ्यात ते झाड मोडते. त्या बाजूस उंच माडांची रांग असली म्हणजे पोफळी सुरक्षित राहतात. एका झाडाने दुसऱ्याला आधार द्यावा, अशीच ही रचना आहे.

पिकलेली नारिंगी फळे उतरविण्यासाठी चढणारा कसबी गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जातो. उतरवलेली फळे अंगणात अनेक दिवस उन्हात वाळवतात. सालीसकट वाळलेली ती ‘असोली’ सुपारी. नंतर सोलून व निवडून ती बाजारात जाते. आपण चौरंगावर तांदळाच्या राशीवर गणपती म्हणून जी सुपारी मांडतो, तिच्यामागे असे कित्येक हातांचे व कित्येक वर्षांचे श्रम असतात.

सागर आणि भरती-ओहोटी

जीवना बंदर व तेथील कोळीवाडा हे नगराचे दुसरे अंग. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून येथील कोळीबांधव नव्या हंगामाची नांदी करतात. गावात हिंदूंप्रमाणेच कोकणी मुसलमान समाजाचीही जुनी वस्ती आहे. अनेक घरांतील कर्ती माणसे मुंबईत चाकरीला किंवा आखाती देशांत कामाला आहेत. गणेशोत्सव, शिमगा व ईद अशा सणांना ती गावी परततात आणि एरवी शांत असलेल्या आळ्या गजबजून जातात.

सागरकिनारी येणाऱ्या प्रत्येक भाविकास भरती-ओहोटीचे गणित ठाऊक असावे. किनाऱ्यावरील जाणती माणसे ते तिथीवरून करतात. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ सुमाराने मिळते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेस व अमावास्येस दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीस भरती तीनला असल्याने ओहोटी नऊच्या सुमारास येईल, तर अष्टमीस ती बाराच्या सुमारास येईल. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास भरती अधिक जोराची असते, त्याला उधाण म्हणतात.

हे गणित ढोबळ आहे, तरी ते प्राण वाचवू शकते. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो आणि खडकावर आपटणारी लाट माणसास ओढून नेते. प्रदक्षिणेस निघण्यापूर्वी स्थानिक ग्रामस्थांना वेळ विचारावी, पावसाळ्यात तो मार्ग टाळावा. भरतीच्या वेळी वा पावसाळ्यात मंदिराच्या आत प्रदक्षिणा घालावी. देव भावाचा भुकेला आहे, साहसाचा नव्हे.

नगरपरिषद : लहान नगराचा मोठा संसार

श्रीवर्धन नगराची लोकसंख्या सुमारे पंधरा हजार आहे. महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या नगरपरिषदा ‘क’ वर्गात गणल्या जातात व श्रीवर्धन त्यांपैकीच एक आहे. नाव नगराचे, पण जीवन खेड्याचे, अशी येथील स्थिती आहे. नगराच्या हद्दीत रस्त्यांच्या कडेने वाड्या आहेत, अंगणांत सुपारी वाळते आहे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर होड्या ओढल्या जात आहेत, हे दृश्य येथे नित्याचे आहे.

पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, सांडपाणी, कचऱ्याची विल्हेवाट व आरोग्य ही कामे नगरपरिषदेकडे असतात. लोकांनी निवडलेले सदस्य व अध्यक्ष धोरण ठरवतात आणि शासनाने नेमलेला मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतो. महाराष्ट्रात अशा संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. घरपट्टी व पाणीपट्टी हे नगराचे स्वतःचे उत्पन्न, पण लहान गावात ते तुटपुंजेच असते. मोठ्या कामांसाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागते.

येथेच यात्रेकरूंचा प्रश्न उभा राहतो. सोयी पंधरा हजार रहिवाशांसाठी केलेल्या असतात. दिवाळीची व नाताळची सुटी, मे महिना आणि जोडून येणाऱ्या सुट्या यांच्या काळात त्यांवर सहस्रावधी पाहुण्यांचा भार पडतो. विशेषतः मे महिन्यात, जेव्हा पाहुणे अधिक, तेव्हाच विहिरींना पाणी कमी. समुद्राजवळच्या विहिरीतून मर्यादेबाहेर उपसा झाला की गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेऊ लागते. एकदा विहीर मचूळ झाली की केवळ पिण्याचे पाणी जात नाही, तिच्यावर जगणारी वाडीही सुकते. पाहुण्याने उघडा ठेवलेला नळ असा थेट पोफळीच्या मुळाशी पोहोचतो.

३ जून २०२०

श्रीवर्धनच्या अलीकडील इतिहासात या दिनांकाएवढा दुसरा कोणताही दिवस जड गेलेला नाही. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगर-श्रीवर्धन परिसरात किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. कोरोनाच्या साथीमुळे आधीच सारे व्यवहार थांबलेले होते. काही तासांत घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या वाड्या भुईसपाट झाल्या. तालुक्यात अनेक ठिकाणी वीज परत येण्यास आठवडे लागले.

घर पुन्हा शाकारता येते, खांब पुन्हा उभे करता येतात. पोफळ मात्र हुकमाने वाढत नाही. २०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी त्वरित रोपे लावली, त्यांनाही पहिले फळ दिसण्यासाठी २०२५ च्या पुढची वाट धरावी लागली. शिवाय वादळातून जी झाडे वाचली, त्यांच्यावरची माडांची सावली गेली आणि त्यांची खोडे उन्हाने भाजू लागली. वादळ एका दिवसात निघून गेले, पण त्याची हानी पुढील कित्येक उन्हाळे चालू राहिली.

शासनाने बागायतीसाठी हेक्टरी पन्नास हजार रुपये मदत जाहीर केली. पूर्वीच्या दरापेक्षा ती पुष्कळ अधिक होती. तरी येथील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, ती गुंठ्यात मोजली जाते. हेक्टराचे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्यास पाचशे रुपये. एका गुंठ्यात नऊ-नऊ फुटांवर तेरा-चौदा पोफळी उभ्या असतात, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयांहूनही कमी. पुढे नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदत देण्याचे धोरणही स्वीकारले गेले. तरी आजोबांनी लावलेल्या झाडाचे मोल कोणत्या कोष्टकात बसवावे, हा प्रश्न उरतोच. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ हे दुसरे वादळ याच किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले, तेव्हा नव्याने लावलेल्या रोपांना एक वर्षही पुरते झाले नव्हते.

ज्यांच्या वाड्या गेल्या, त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. जमीन विकून मुंबई गाठावी, किंवा पुन्हा खड्डे खणून रोप लावावे आणि सात वर्षे धीर धरावा. पाहुण्यांसाठी खोल्या बांधणे हा तिसरा मार्ग अनेकांनी पत्करला व त्यातून चार पैसे मिळाले, हेही खरे. परंतु वाडीच्या जागी केवळ खोल्याच उभ्या राहिल्या, तर ज्या सावलीसाठी पाहुणा येतो ती सावलीच उरणार नाही आणि ज्या विहिरीचे पाणी तो पितो ती विहीरही टिकणार नाही. तीनशे वर्षांपूर्वी सत्तेच्या जाचाने एका कुटुंबाने हे गाव सोडले. आज वाऱ्यामुळे कोणास गाव सोडावे लागू नये, हीच येथील जाणत्या मंडळींची चिंता आहे.

भाविकांनी काय करावे

क्षेत्राची सेवा केवळ दानपेटीतूनच होते असे नाही. पुढील गोष्टी प्रत्येकास सहज करता येण्यासारख्या आहेत.

१. पूजेसाठी नारळ व सुपारी शक्यतो येथील वाडीवाल्यांकडूनच घ्यावी. घरी जाताना वर्षभर पुरेल एवढी असोली सुपारी न्यावी. ती उत्तम टिकते.

२. मुक्कामात पाणी जपून वापरावे. विशेषतः चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांत ही गोष्ट धर्मकृत्य समजावी.

३. निर्माल्य व प्लास्टिक समुद्रात टाकू नये. हिवाळ्यात या किनारपट्टीच्या वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. वाळूवर गाड्या नेऊ नयेत व रात्री दिव्यांचा झोत टाकू नये.

४. स्नान व प्रदक्षिणा यांपूर्वी भरती-ओहोटीची वेळ विचारावी. ग्रामस्थांनी ‘नको’ म्हटले तर तो देवाचाच निरोप मानावा.

५. देणगी देताना एखाद्या वाडीच्या पुनर्लागवडीसाठी, रोपांसाठी किंवा विहिरीच्या दुरुस्तीसाठी ती उपयोगी पडेल काय, याची स्थानिक जाणत्या मंडळींकडे चौकशी करावी. शिळेवर नाव कोरण्यापेक्षा पोफळीची एक रांग उभी करणे हे तेवढेच चिरस्थायी दान आहे.

प्रवासाची माहिती

मुंबईहून श्रीवर्धन सुमारे २०० किलोमीटर असून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, तेथून म्हसळामार्गे यावे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला येता येते व हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. कोकण रेल्वेचे माणगाव हे जवळचे स्थानक आहे. मुरूडकडून येणाऱ्यांस आगरदांडा ते दिघी आणि दापोली-मंडणगडकडून येणाऱ्यांस वेसवी ते बागमांडला अशी वाहनांसह खाडी ओलांडणारी जंगलजेटी उपलब्ध असते. पावसाळी हवामानात ती सुरू आहे किंवा नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

समारोप

देव एका ठिकाणी असतो आणि त्याचे गाव दुसऱ्या ठिकाणी, असे कधी होत नाही. गाव टिकले तर दिवा लागतो, नैवेद्य होतो, पालखी उचलणारे खांदे मिळतात. श्रीवर्धनच्या वाड्यांत आज नव्या पोफळी हळूहळू उंच होत आहेत. त्या माणसाच्या उंचीपलीकडे गेल्या आहेत, परंतु जुन्या झाडांच्या उंचीस पोहोचण्यास त्यांना अजून अवधी आहे. पुढच्या वेळी दर्शनास याल तेव्हा मंदिराकडे जाण्यापूर्वी एखाद्या वाडीत डोकावून त्या किती वाढल्या ते पाहावे आणि आपल्या मुलाबाळांनाही दाखवावे. चौरंगावरील सुपारीला हात जोडताना मग तिच्या झाडाचीही आठवण होईल.

॥ शुभं भवतु ॥